बहेच्या रामलिंग बेटावर दिवसभराची बैठक: दुपारचे राग ऐकायला कोण कोण येणार?

कृष्णातीर

मंडळी नमस्कार,

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बहेच्या रामलिंग बेटावर दिवसभर गाण्याची बैठक करायची आहे. गेल्या उन्हाळ्यात पहिल्यांदा केली तेव्हा आम्ही १९ जण होतो. यंदा इथल्या मंडळींनाही बोलवावं म्हणून हा धागा.

ज्यांनी बेट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वाळवा तालुक्यात, इस्लामपूरपासून दहा-बारा किलोमीटरवर कृष्णा दोन धारांत फुटते आणि पुढे परत एक होते. मधल्या उंचवट्यावर रामलिंगाचं देऊळ आहे आणि समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक मारुती आहे. प्रभू राम इथे पूजेला बसले असताना नदीला लोंढा आला, मारुतीने दोन्ही बाहू पसरून पाणी दोन अंगांनी वळवलं आणि त्या बाहूंवरून गावाला बहे नाव पडलं, अशी कथा सांगतात. पावसाळ्यात बेट तुटतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की चालत पोचता येतं.

आता खरी गोष्ट. रागांच्या गाण्याच्या वेळा ठरलेल्या, आणि आपल्याकडे गाणं ऐकायचं म्हणजे संध्याकाळी सहानंतर. त्यामुळे यमन, पूरिया धनाश्री, बिहाग, मालकंस कानावर भरपूर पडतात. दिवाळीतल्या पहाटेच्या कार्यक्रमांमुळे भैरव, तोडी यांचीही सोय होते. पण सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात कोण मैफल लावतंय? ती वेळ नोकरीची, जेवणाची, वामकुक्षीची. म्हणून सारंगाचे सगळे प्रकार, भीमपलासी, पटदीप, मुलतानी हे सगळं एक तर रेकॉर्डवर ऐकायचं, नाहीतर संध्याकाळच्या कार्यक्रमात वेळ मोडून. मी २२ वर्षं नेमाने गाणं ऐकतोय, आणि वृंदावनी सारंग भर दुपारी, गाणाऱ्याच्या समोर बसून, असा गेल्या वर्षी बेटावर पहिल्यांदा ऐकला.

साडेबारा झाले होते. झाडाचं पान हलत नव्हतं. नदी इतकी चकाकत होती की तिच्याकडे बघवत नव्हतं. सकाळपासून हुंदडणारी पोरं आपोआप गप्प होऊन सतरंजीवर येऊन पडली होती. आमच्यातल्या एक ताई गाण्याच्या शिकवण्या घेतात. त्यांनी षड्ज, म्हणजे सा, लावला आणि मग कितीतरी वेळ रिषभावरच, म्हणजे रे वरच, थांबल्या. सारंगात गंधार नाही, धैवत नाही. पाचच स्वर, त्यातला निषाद तेवढा दोन रूपांत. घरी ऐकताना मला हा राग थोडा उघडाबोडका वाटायचा. त्या उन्हात बसल्यावर कळलं की एवढ्या तापात याहून जास्त स्वर सोसलेच नसते. अवरोहात कोमल निषाद आला तेव्हा माझ्या शेजारच्या आजोबांनी डोळे मिटूनच हात वर केला आणि ताई षड्जावर परत येईपर्यंत तो तसाच हवेत धरून ठेवला.

तेव्हापासून मनात आहे की हे आणखी लोकांना मिळालं पाहिजे.

बेत असा: सकाळी साडेसहाला मारुतीपुढे भजन. मग तोडी किंवा आसावरी, जे कोणी गाईल ते. साडेअकरानंतर सारंग. जेवण. अडीच-तीनला भीमपलासी, चारनंतर मुलतानी, आणि ऊन कलताना मारवा. दिवेलागणीच्या आत बेट सोडायचं. माइक, स्पीकर काहीही न्यायचं नाही. पुजाऱ्यांना आणि गावात आधी सांगून ठेवलं आहे. रामनवमी आणि हनुमान जयंतीची गर्दी तोवर ओसरलेली असते. वर्गणी म्हणाल तर जेवणाचा खर्च वाटून घेऊ, बाकी काही नाही.

---

चिंचेची सावली

वाचून फार बरं वाटलं. मी मिरजेचा. आमच्याकडे मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला गाणं होतं, तिथे चिंचेच्या झाडाखाली बसून ऐकण्यात माझं लहानपण गेलं. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब तिथे हजेरी लावायचे. १९३७ साली ते गेले, त्यांची कबरही दर्ग्याच्या आवारातच आहे. अजून मोठमोठे कलावंत तिथे येतात ते बिदागीसाठी येत नाहीत, खाँसाहेबांच्या पायाशी चार स्वर ठेवायला येतात. उघड्यावर, झाडाखाली ऐकलेलं गाणं अंगात वेगळं मुरतं, हे मी ६८ वर्षांच्या अनुभवावरून सांगू शकतो.

मी येणार. जमिनीवर बसणं गुडघ्यांना जमत नाही, घडीची खुर्ची आणली तर चालेल ना?

---

कृष्णातीर

काका, खुर्ची आम्ही आणतो. तुम्ही फक्त या.

---

पुण्याहून येणारी

मला यायचंय, सोबत आई आणि नऊ वर्षांची मुलगी. पण काही गोष्टी स्पष्ट विचारते, कारण अशा सहलींत बायकांचे हाल होतात आणि ते कोणी आधी बोलत नाही. दिवसभर तिथे बसायचं तर स्वच्छतागृहाचं काय? प्यायचं पाणी? आणि आईला मे महिन्याचं ऊन झेपेल का, तिला रक्तदाबाचा त्रास आहे.

---

कृष्णातीर

विचारलंत ते उत्तम केलंत. गेल्या वर्षी याच गोष्टीत आमचं चुकलं होतं. बायकांनी सकाळपासून पाणीच कमी प्यायलं, आणि चार वाजता एका वहिनींना चक्कर आली. ती चूक माझी होती. यंदा गावात एका ओळखीच्या घरी सोय केली आहे, घरच्या माउलींनी स्वतः सांगितलंय की दिवसभर केव्हाही या. एक रिक्षा काठाला थांबलेली असेल, कोणाला विचारायची गरज नाही, जाऊन बसायचं. पाण्याचे २० लिटरचे सहा जार आणि दोन मोठे माठ. ताक आणि पन्हं वेगळं.

आईंना दुपारी बारा ते तीन त्याच घरात विश्रांती घेता येईल. मात्र सारंग चुकेल. त्यांना सकाळी दहा ते बारा पडायला सांगा आणि साडेबाराला घेऊन या, असं मी सुचवेन. आणि औषधाची गोळी बरोबर असू द्या.

---

काठावरचा

मी वाळव्याचा. गाणं-बिणं मला कळत न्हाई, पण तुमी नदीत येनार म्हनून दोन गोष्टी सांगतो, नीट ऐका.

पयली गोष्ट. कृष्णेत मगरी हायत. भिलवडी, औदुंबर, खाली सांगलीपतूर समद्या पट्ट्यात हायत. मानसं गेल्याली हायत. उन्हाळ्यात वाळूत अंडी घालत्यात आनि मादी जवळपास राखनीला असतीया. पानी कमी दिसतंय म्हनून पोरं पोहायला उतरत्यात, ते करायचं न्हाई. पाय धुवायला सुदीक वाकून बसायचं न्हाई. भांडी नदीवर घासायची न्हाईत. काठाला बसून फोटो काढायचा न्हाई.

दुसरी गोष्ट. वरनं कोयनेचं पानी सोडत्यात, शेतीसाठी. सकाळी ज्या वाटनं चालत गेलाय तिथं दुपारी गुडघाभर झालेलं असतंय. जायच्या आदल्या दिवशी गावात इचारा, आनि एक मानूस दिवसभर पान्याच्या खुनंवर नजर ठिवून बसवा.

बाकी देवाचं ठिकान हाय, तुमी चांगलं काम करताय. म्या दुपारी भाकरी घिऊन यीन.

---

कृष्णातीर

दादा, लाख मोलाचं बोललात. मगरींचं मी पहिल्या लेखातच लिहायला हवं होतं. नियम म्हणून लिहितो: कोणीही, कोणत्याही कारणाने पाण्यात उतरणार नाही. बैठक देवळाच्या बाजूला, झाडांच्या सावलीत, उंचावर. वाळूच्या पुळणीवर कोणी जाणार नाही. पाण्याच्या खुणेवर लक्ष ठेवायला तुमच्याच ओळखीचा माणूस मिळाला तर फार बरं होईल.

---

टिटवी

पुळणीवर न जाण्याचं आणखी एक कारण. मार्च ते मे नदी सुरय हे पक्षी उघड्या वाळूवर अंडी घालतात. घरटं असं काही नसतंच, वाळूत नुसता खळगा. अंडी वाळूच्याच रंगाची, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. टिटवीही याच दिवसांत खडीवर अंडी घालते. ती डोक्यावरून ओरडत घिरट्या घालू लागली तर समजायचं की आपण तिच्या अंड्यांजवळ आहोत, आणि आल्या पावली मागे फिरायचं. पक्षी उठला की उघडी अंडी भर उन्हात काही मिनिटांत तापतात. माणसाने हातही लावायला नको, आपण नुसते तिथे उभे राहिलो तरी पिल्लू मरतं.

मी दुर्बीण घेऊन येईन. मुलांना लांबून दाखवता येईल.

---

शाईपुडी

तबला मी वाजवणार असेन तर काही गोष्टी आधीच सांगतो.

नदीकाठी पहाटे दमट असतं, पुडी (तबल्याच्या तोंडावरचं चामडं) सैल पडते. ऊन चढलं की चामडं सुकून ताणतं आणि सूर वर जातो. गेल्या वर्षी सकाळी काळी एक या पट्टीला लावलेला तबला सारंगाच्या वेळेला जवळजवळ पांढरी दोनच्या घरात गेला होता. गट्टे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) वर ठोकून ठोकून, गजऱ्याला (पुडीच्या काठच्या वेणीला) खालून मारून कसाबसा उतरवला, आणि तेवढ्यात गाणाऱ्या ताई तंबोरा मिळवून (सुरात लावून) तशाच थांबल्या होत्या. एवढी शांत माणसं मी कमी पाहिलीत. यंदा दोन तबले आणतो. एक सकाळपासून गवसणीतच, सावलीत, ओल्या माठापासून हातभर अंतरावर ठेवायचा आणि दुपारीच उघडायचा. पुडीवरच्या काळ्या शाईवर ऊन पडू द्यायचं नाही, भेगाळते.

बैठकीची जागा दर दोन तासांनी सावलीबरोबर सरकवायला लागेल. त्यासाठी चार धडधाकट पोरं लागतील.

---

जवारी

तंबोऱ्यांबद्दल मी लिहितो, घरचंच काम आहे. भोपळा मंगळवेढा-पंढरपूर भागातून येतो, दांडी तुणीच्या लाकडाची, आणि दोन्ही एकमेकांना जोडलेलं असतं ते सरसाने. हा सांधा उन्हात सुटतो. गेल्या वर्षी एक तंबोरा उन्हात राहिला होता असं ऐकलं, तो नंतर आमच्याच गल्लीत दुरुस्तीला आला होता. गळ्यापाशी केसाएवढी फट. नशीब, भोपळा तडकला नव्हता.

आणताना तारा थोड्या उतरवा. गाडीच्या डिकीत कधीही नको, मागच्या सीटवर माणसाच्या मांडीवर आणा. तिथे पोचल्यावर लगेच मिळवू नका. अर्धा तास सावलीत हवेला लागू द्या. तार तापली की लांबते आणि सूर उतरतो, म्हणजे तबला वर चाललाय आणि तंबोरा खाली, असं दुपारभर चालणार. कोरड्या हवेत खुंट्याही घसरतात, खिशात खडू ठेवा. जवारीचा दोरा (तारेखालचा, स्वराला झणकार देणारा) ताज्या सुताचा घाला, घामट बोटांनी तो सारखा सरकतो.

मी एक मोठा तंबोरा आणतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते. पण खरं सांगू, आमच्या वाद्याचा मान तो उघड्यावर चार माणसांत वाजला की वाढतो.

---

पुण्याहून येणारी

इलेक्ट्रॉनिक तंबोरा का नाही नेत? उन्हाचा काही त्रास नाही.

---

जवारी

घरच्या रियाझाला मीही वापरतो, त्यात कमीपणा नाही. पण उघड्यावर त्या छोट्या डब्याचा आवाज विरळ होऊन जातो. आणि भोपळ्यातून जो स्वर येतो त्याच्या पोटात इतर स्वर ऐकू येतात. खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराच्या, तारेत गंधार आपोआप बोलतो. सारंगात तर गंधार नाहीच, तरी तंबोऱ्याच्या पोटात तो कुठेतरी असतो, आणि गाणारा त्याला न शिवता गातो. ते ऐकायला खरा तंबोरा लागतो.

---

सातारकर ९८

मी २६ वर्षांचा, साताऱ्यात नोकरी करतो. शास्त्रीय गाण्यातलं मला काही कळत नाही. पण धागा पूर्ण वाचला.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही मित्र कोयनेच्या पाण्याकाठी एका तंबूवाल्यांकडे म्युझिक पार्टीला गेलो होतो. बोटीतून गेलो, जागा स्वर्गासारखी. रात्री दोनपर्यंत स्पीकर चालू. आम्हीही नाचलो, खोटं कशाला सांगू. सकाळी पलीकडच्या वाडीतली एक म्हातारी दूध घालायला आली. ती भांडली नाही, काही नाही. एवढंच म्हणाली, "रातभर वासरू दाव्याभवती फिरत हुतं रं, पाय सोलून घेतलं त्यानं." तेव्हापासून मला ती जागा आठवली की ते वासरू आठवतं.

मला यायचंय. गिटार आणू का? आणि काही कळत नसेल तर चालेल का?

---

कृष्णातीर

भावा, ये. आणि काही कळायलाच हवं असं नाही, दुपारी साडेबाराला तिथे बसलेलं असणं एवढीच अट. गिटारही आण. ऊन उतरल्यावर, आवरायच्या आधी वाजव, आम्ही ऐकू.

तू लिहिलंस ते महत्त्वाचं आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे, २००० सालच्या नियमांत ते स्पष्ट आहे, आणि दिवसाही परवानगी लागते. कोयना अभयारण्य तर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं. पण नियम बाजूला ठेवला तरी, पाण्यावरून आवाज किती लांब जातो याचा अंदाज आपल्याला नसतो. गेल्या वर्षी सकाळचं आमचं भजन पलीकडच्या तीरावरच्या माणसाने शब्दांसकट ऐकलं होतं. आणि गंमत म्हणजे दुपारी तेवढ्याच ताकदीने गायलेलं ३० फुटांवर बसलेल्यांना नीट ऐकू येत नव्हतं. याचं कारण मला अजून उमगलेलं नाही.

---

फळा आणि खडू

कारण मी सांगतो, शाळेत हेच शिकवतो.

आवाज गरम हवेत वेगाने जातो, थंड हवेत सावकाश. पहाटे पाण्यालगतची हवा थंड असते आणि वरची त्या मानाने उबदार. आवाजाचा वरचा भाग पुढे धावतो, त्यामुळे तो खाली वाकतो आणि पाण्याच्या अंगाने लांबवर जातो. दुपारी उलट. जमीन तापलेली, खालची हवा जास्त गरम, म्हणून आवाज वर उचलला जातो आणि आपल्या डोक्यावरून निघून जातो. शिवाय भिंती नाहीत, छत नाही, परत येणारं काहीच नाही.

म्हणजे दुपारी बैठक अगदी जवळजवळ करा. गाणाऱ्याच्या पाठीशी देवळाची भिंत येईल असं बसवा आणि ऐकणाऱ्यांनी १० फुटांच्या आत अर्धगोल धरा.

एक शंकाही विचारतो. रागाला वेळ असते हे खरंच स्वरांत आहे, की आपल्या कानाची सवय? कर्नाटक संगीतात वेळेचं बंधन आपल्याइतकं पाळत नाहीत, आणि त्यांचं काही अडत नाही.

---

चिंचेची सावली

मास्तर, चांगली शंका. मी याचं उत्तर स्वरांत शोधत बसत नाही. समजा सवयच आहे. पण पिढ्यान् पिढ्या लोकांनी एखादा राग दुपारीच गायला, म्हणजे त्या रागात दुपारी काय काय होतं हे गात गातच त्यांनी घडवलं. सवयीनेही वस्तू घडते. वहाण पायाची होते तशी.

आणि सांगलीकरांनो, शास्त्र तपासायची हौस आपल्याकडे जुनी आहे. सांगलीचे कृ. ब. देवल यांनी १९१० साली २२ श्रुतींवर (सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांवर) पुस्तक काढलं, त्यांच्या प्रयोगांसाठी खुद्द खाँसाहेब गायले होते. तेव्हा शंका घेणाऱ्यांनी अगदी पुढे बसावं.

---

काठावरचा

पान्याचं बगायला माझा पुतन्या बसंल. त्याला दुपारचं जेवान द्या म्हंजे झालं.

---

कृष्णातीर

जेवण ठरलं: भाकरी, कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत, ठेचा, दही, कांदा, भात-आमटी. मधल्या वेळेला भडंग. कलिंगडं काठावरच मिळतील. साताऱ्याहून येणाऱ्यांनी कंदी पेढे आणले तर कोणी नाही म्हणणार नाही.

नावनोंदणी ३४ वर थांबवतोय. त्याहून जास्त झाले तर १० फुटांच्या आत बसणार नाहीत.

---

कृष्णातीर

(बैठकीनंतर, सोमवार रात्र)

झाली. जशी ठरवली तशी नाही, पण झाली.

सकाळ उत्तम. भजनाला गावातले आठ-दहा जण टाळ घेऊन आले, ते ठरलेलं नव्हतं. तोडी मी गायलो, त्याबद्दल इतरांनी लिहावं.

सारंग पावणेएकला सुरू झाला. मास्तरांनी सांगितलं तसं भिंतीला पाठ लावून बसवलं, आणि काय फरक पडला! गेल्या वर्षी ताईंना जोर लावावा लागत होता, यंदा त्या अगदी बोलण्याच्या आवाजात गात होत्या. जवारीच्या मोठ्या तंबोऱ्यावर सातारकराला बसवलं होतं. त्याला सकाळी अर्धा तास शिकवलं, चार तारा एका लयीत छेडत राहायच्या, गाण्याकडे लक्ष गेलं तरी बोट थांबवायचं नाही. ५० मिनिटं पोराने बोट थांबवलं नाही. बोटाला फोड आला तो त्याने नंतर दाखवला.

दुपारी दोनच्या सुमाराला दक्षिणेकडे ढग दिसले. जेवणानंतर भीमपलासी सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती. तबल्याचा सूर अचानक उतरायला लागला. शाईपुडींनी माझ्याकडे बघितलं, बोटाने पुडी दाबून दाखवली आणि म्हणाले, "हवेत ओल आलीय, उठा." आभाळ अजून अर्धं निळं होतं. ताईंनी तिहाईवर नीट सम गाठली आणि आम्ही उठलो. काठावरच्या दादांचा पुतण्या आधीच हात करत होता. सगळी वाद्यं, माणसं, काका खुर्चीसकट, २५ मिनिटांत पलीकडे. आम्ही गावात शिरतो न शिरतो तोच वळीव कोसळला. बेटाच्या बाजूला दोनदा वीज पडल्यासारखा आवाज झाला. झाडाखाली बसलेलो असतो तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही.

मग त्या माउलींच्या घराच्या पडवीत मुलतानी झाला. पत्र्यावर पाऊस, समोर शेळ्या, ३४ माणसं एकमेकांच्या मांडीला मांडी लावून. पावसाच्या आवाजात सुरुवातीचं काहीच ऐकू येत नव्हतं, नुसतं ताईंचं तोंड हललेलं दिसत होतं. हळूहळू पाऊस ओसरला, आणि स्वर जसा त्या आवाजातून वर आला ते मी कोणाला सांगू शकणार नाही. मारवा राहिला. रस्ते चिखलाचे झाले म्हणून सहालाच निघालो.

---

शाईपुडी

तुमच्या तोडीबद्दल मी लिहितो. कोमल गंधार जिथे हवा तिथे लागला.

---

पुण्याहून येणारी

आई सारंगाला बसली होती. गाडीत इस्लामपूर येईपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, माझ्या माहेरी दुपारी जात्यावर असंच शांत असायचं. तिच्या माहेराबद्दल ती फार बोलत नाही, म्हणून लिहून ठेवतेय.

मुलीने दुर्बिणीतून सुरय पाहिला, चोच पिवळी असते असं सगळ्यांना सांगत सुटलीय. रेकॉर्डिंग कोणी केलंय का?

---

टिटवी

मी फोनवर सारंगाची दहा मिनिटं केली आहेत, पाठवते. मध्ये टिटवी ओरडलेली ऐकू येईल, ती खरी, मी नव्हे.

---

सातारकर ९८

फोड बसला. गिटार गाडीतून काढलीच नाही, त्याचं वाईट वाटलं नाही. कालपासून दुपारी ऑफिसात साडेबारा वाजले की खिडकीबाहेर बघतो. तंबोरा शिकायला कुठे जावं लागतं, म्हणजे नुसता धरायला आणि मिळवायला?

---

जवारी

मिरजेला ये, शनिवारी. जवारी लावताना बसून बघ आधी. एक दिवस पुरत नाही, पण सुरुवात होईल.

---

कृष्णातीर

राहिलेल्या वस्तू: एक स्टीलचा डबा, लहान मुलाची टोपी, आणि निळ्या काठाची सतरंजी. सतरंजी ओली होती, धुऊन वाळवून ठेवली आहे. कोणाची?

---

पुण्याहून येणारी

सतरंजी आईची. तुमच्याकडेच राहू द्या म्हणाली, पुढच्या वर्षी लागेल. मारवा राहिलाय ना.